शेवटचा फर्मा

महाल, नागपूर
९ ऑक्टोबर १९७८

गोपे,

पेटी उघडलीस की पुस्तकांवर तुटून पडू नकोस, आधी हे वाच.

तुमच्या कोराडी कॉलनीतल्या महिला मंडळाला आमच्या वाचनालयातून दर महिन्याला पुस्तकांची पेटी पाठवावी, हे माझं रडगाणं समितीने एकदाचं ऐकलं. तेव्हा ही पहिली पेटी. वरती तुमच्या बायकांनी मागितलेल्या पुण्या-मुंबईच्या कादंबऱ्या आहेत. तळाशी खाकी कागदाचं कव्हर घातलेलं एक पुस्तक आहे, ते मात्र कोणी मागितलेलं नाही. ते मी पाठवते आहे.

खिडकीजवळचं कपाट आठवतं का? लग्नाआधी तू माझ्याबरोबर यायचीस आणि त्याला टेकून शेंगा खायचीस, तेच. त्यात सगळे आपल्या इकडचे लेखक आहेत, नागपूरचे, कळमेश्वरचे, उमरेडचे. आमचे सेक्रेटरी वामनराव यांनी ठरवलं आहे की वर्षानुवर्षं जी पुस्तकं कोणी नेली नाहीत, ती मार्चच्या मोजणीनंतर रद्दीत द्यायची. जागा नाही म्हणतात. जागा खरंच नाही, पण म्हणून काय घरची माणसं बाहेर काढायची?

खाकी कव्हरातली कादंबरी म्हणजे ‘धोट्याचा आवाज’. लेखक चंद्रभान धकाते, आपल्या उमरेडकडचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. डोळ्यांच्या औषधासाठी महिन्यातून एकदा नागपूरला येतात. आले की वाचनालयात पेपर वाचल्यासारखं करतात, मग त्या कपाटाशी जाऊन आपलं पुस्तक जागेवर आहे का ते बोटांनी चाचपतात. ते जागेवर असतंच. मग छत्री उचलून निघून जातात. त्यांची ही एकच कादंबरी. दुसरी का लिहिली नाही, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, “ही कोणी मागितली असती तर लिहिली असती.”

गोपे, काय लिहिलंय गं या माणसाने. विणकरांच्या कोष्टीपुऱ्यातली बायजा. नवरा गिरणीत कामाला जातो म्हणून जातो आणि परतच येत नाही. बायकांनी सुताच्या कांड्या भराव्यात, मागावर बसू नये, ही तिथली रीत तुला माहीत आहे. बायजा बसते. पहिल्याच दिवशी आडवं सूत ओवणारा धोटा तिच्या हातून सुटतो आणि थेट चुलीजवळ जाऊन पडतो. तिची सासू उठते, धोटा उचलते आणि परत तिच्या हातात देते. मी काउंटरवर बसून रडले, आणि समोरचा वाचक विचारायला लागला की ताई, पुस्तक बदलून देता ना?

तू वाच आणि बायकांना वाचायला लाव. मार्चच्या आत हे पुस्तक लोकांच्या हातात फिरलेलं मला वामनरावांना दाखवायचं आहे, आणि गुरुजींनाही. आत शिफारशीची चिठ्ठी घातली आहे, ती मंडळात वाचून दाखव.

तुझी
शामला


कोराडी कॉलनी
२५ ऑक्टोबर १९७८

शामले,

शाळेतल्या मराठीत पत्र लिहीन असं ठरवून बसली होती, पण चार ओळींत दम लागला. तुले चालते ना असंच? चालते.

तुही चिठ्ठी वाचली मंडळात. अर्ध्या बाया चहा ठेवायले उठल्या. अवं, ‘ग्रामजीवनाचे अस्सल चित्रण’ असं कोणी सांगते काय? आणि लेखक उमरेडचा म्हटल्यावर तर संपलंच. कौशल्या म्हणे, “उमरेडले तर आपली एस.टी. जाते, तिथचं काय वाचायचं?” पुण्याच्या कादंबऱ्यांवर उड्या पडल्या, हे खाकी कव्हर माह्याच पदरात राहिलं.

म्हटलं, शामलीनं पाठवलं आहे तर चार पानं पाहू. दुपारी आंगणात बसली. इथं वाळत घातलेले कपडे अर्ध्या घंट्यात वीजकेंद्राच्या राखेनं करडे होतात, तर मी उठून ते काढलेही नाही एवढी गुंगली. वरण लागलं. आमचे हे ड्युटीवरून आले तर म्हणतात, “काहून रडून राहिली?” काय सांगू त्याईले? माह्या मायच्या घरचा माग आहे वं तो. खड्ड्यात पाय सोडून बसलं की पायाले जी ओल लागते, थे सुद्धा लिहिलं आहे त्या मास्तरनं. मी जन्मभर थे कोणाले सांगू शकली नसती. छापलेल्या पुस्तकात आपलं घर येते हेच मले मालूम नव्हतं.

सासूबाईले वाचता येत नाही, तर त्याईले मोठ्यानं वाचून दाखवते. त्या तांदूळ निवडत ऐकतात. धोटा उचलून देणाऱ्या सासूपाशी आली तर म्हणे, “थांब. थे परत वाच.” तीन वेळा वाचवून घेतलं.

आता बायांचं मी पाहते. चिठ्ठ्या-फिठ्ठ्या काही नको. नळावर रांग लागते ना सकाळी, तिथं मी गोष्ट सांगणार. अर्धीच सांगणार. नवरा येत नाही, बायजा मागावर बसली, पंचांनी बोलावणं धाडलं, आणि तेवढ्यात माही बादली भरणार. पुढचं पुस्तकात आहे म्हणायचं आणि घरी निघून यायचं.

गोपिका

ता.क. शेवट वाचला. मले नाही आवडला. बायजानं विहीर जवळ काहून करावी? सासूबाईले वाचून दाखवला तर दोन दिवस माह्याशी बोलल्या नाहीत, जशी का मीच ढकलली तिले.


महाल, नागपूर
१४ नोव्हेंबर १९७८

गोपे,

तुझं पत्र मी समितीच्या बैठकीत वाचणार होते, पण वरण लागल्याचं वामनरावांना कशाला सांगा. शेवट मात्र कोणालाही सांगू नकोस, शपथ आहे तुला. मलाही तो आवडत नाही, पण ज्याचा त्याने वाचावा.

इकडे एक घोटाळा झाला आहे. परवा मी रजेवर होते आणि नेमके गुरुजी आले. कपाटाशी गेले, चाचपलं, तर पुस्तक जागेवर नाही. जुनी पुस्तकं रद्दीत जायची आहेत हे त्यांनी कोणाच्या तरी बोलण्यातून ऐकलं होतं. त्यांना वाटलं, पहिलं आपलंच गेलं. शिपायाला म्हणाले, “बरं झालं, ताईंना सांगा, माझी काही तक्रार नाही.” आणि छत्री विसरून गेले.

मी त्यांना लगेच कार्ड टाकलं की पुस्तक कोराडीला वाचायला गेलं आहे. त्यांचं उत्तर काल आलं. लिहितात, “म्हाताऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून आपण लिहिलंत, आपला आभारी आहे. आता नागपुरास येण्याचे कारण उरले नाही. औषध येथेच मिळते.” डोळ्यांचं औषध हे निमित्तच होतं म्हणजे.

माझ्या जिवाला घोर लागला आहे. किती बायकांनी वाचलं ते कळव आणि पुस्तक पुढच्या पेटीबरोबर परत पाठव. मी ते घेऊन स्वतः उमरेडला जाईन आणि त्यांच्या हातात देईन. वाचलेलं पुस्तक हाताला कळतं.

शामला


कोराडी कॉलनी
३ डिसेंबर १९७८

शामले,

परत कसं पाठवू? एका जागी असेल तर पाठवीन ना.

नळावरची गोष्ट लय कामी आली. चौथ्या दिवशी कौशल्या बादली भरल्यावरही हालेना. म्हणे, “पंचांनी काय केलं थे सांग, नाही तर आज पाणी भरू देत नाही.” मी म्हटलं, पुस्तकात आहे. मग जी ओढाताण सुरू झाली त्या पुस्तकाची, बाप्पा. एकीनं दोन दिवस ठेवलं की दुसरी दारात उभी, शेवटापर्यंत कोणी पोचतच नव्हती. त्यात शिलाई जुनी, पाठ उसवली, आणि कौशल्याच्या हातात अर्धं नि शोभाताईच्या हातात अर्धं राहिलं.

दोघीही रडकुंडीला आल्या. मी म्हटलं, थांबा. पाहिलं तर पानं फाटली नव्हती, नुसते फर्मे सुटले होते, सोळा-सोळा पानांच्या घड्या. मग मी काय केलं, सगळेच फर्मे सोडवले आणि घरोघरी वाटून दिले. एक वाचून झाला की शेजारच्या घरी द्यायचा नि मागचा घ्यायचा. पाह्य ना, एक पुस्तक आणि आठ-नऊ बाया एकदम वाचून राहिल्या. तुह्या वाचनालयात तरी जमलं काय असं?

थोडा गोंधळ आहे. शोभाताईले मधलाच फर्मा पहिले आला तर ती म्हणे, “हा हरबा कोण? मेला आहे का जित्ता?” तिले सांगायले तीन जणी धावल्या आणि तिघींनी वेगवेगळं सांगतलं. पण बायजाचं नाव काढल्याशिवाय इथं कोणाचा दिवस जात नाही. पापड लाटताना बायजा, पाळण्याजवळ बायजा. पार्वतीबाईनं तर पंचाईले अशा शिव्या दिल्या का तिचा नवरा घाबरून बाहेर गेला, त्याले वाटलं त्यालेच देऊन राहिली.

तुह्या गुरुजीले सांग, पुस्तक रद्दीत नाही, आमच्या पिठाच्या हातात आहे.

गोपिका


महाल, नागपूर
९ डिसेंबर १९७८

गोपिका,

फर्मे सोडवलेस? वाचनालयाचं पुस्तक?

फाटकं किंवा अपुरं पुस्तक कपाटात ठेवता येत नाही, हा वामनरावांचा नियम आहे. न वाचलेलं म्हणून ते मार्चमध्ये जाणार होतं, आता वाचलेलं म्हणून आधीच जाईल. दुसरी प्रत कुठेच नाही. गुरुजींच्या घरची वाळवीने खाल्ली, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. ही एवढी एकच आहे या जगात, आणि ती तू नळावर वाटलीस.

सगळे फर्मे गोळा कर, क्रम लाव आणि दोरीने बांधून पाठव. बाइंडरचं मी बघते.

शामला


कोराडी कॉलनी
२८ डिसेंबर १९७८

शामले,

रागावली तर रागाव, पण आधी ऐक. घरोघर फिरून सारे फर्मे जमवले. एकावर हळद आहे, एकावर कोणाच्या तरी लेकरानं दात उमटवले आहेत, आणि राख तर सगळ्यावरच आहे. पण पान एकही गेलं नाही.

फक्त शेवटचा फर्मा सापडत नाही.

कसम खाऊन सांगते, मी सगळी कॉलनी पालथी घातली. चुलीजवळचे कागद पाहिले, लेकरांची दप्तरं पाहिली, रद्दीवाल्यालेही पकडलं. कौशल्या म्हणते मले आलाच नाही, शोभाताई म्हणते मलेही नाही. म्हणजे सासूबाईले मी वाचून दाखवला, त्याच्यानंतर तो कोणी पाहिलाच नाही. कोणालेच शेवट मालूम नाही, आणि सगळ्या जणी माह्या मागे लागल्या आहेत का सांग. तुह्या शपथेपायी मी तोंड शिवून बसली आहे. मले झोप नाही वं. सासूबाई म्हणतात, “एवढी काहून जीव काढते? न मिळो, त्याच्यावाचून काय अडते?” त्याईले काय सांगू का तुह्या गुरुजींचं अडते.

माही चूक आहे. मी कबूल करते. आता काय करू सांग.

गोपिका


महाल, नागपूर
१० जानेवारी १९७९

गोपे,

रागाच्या भरात लिहिलं, ते सोड. उसवलेलं पुस्तक आणखी कशामुळे उसवलं असतं? वाचल्यामुळेच उसवलं ना.

वामनरावांना मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, “शेवट नसलेली कादंबरी वाचनालय कशी ठेवेल?” मग मला सुचलं, शेवट ज्याने लिहिला त्यालाच विचारू या. रविवारी उमरेडची एस.टी. पकडून गुरुजींच्या घरी गेले. छत्री परत करायला आले आहे, असं मी म्हटलं. मग सगळं सांगितलं, नळ, फर्मे, पार्वतीबाईंच्या शिव्या, सगळं. ते ऐकत होते, पण चेहऱ्यावर विश्वास दिसेना. म्हणाले, “ताई, तुम्ही चांगल्या आहात. पण बायका माझ्या पुस्तकावरून भांडतात, हे जरा जास्त झालं.”

मी म्हटलं, मग स्वतः येऊन बघा. त्यांना शेवट हवा आहे, आणि तो तुमच्याशिवाय कोणाकडे नाही.

तुमच्या मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू महिनाअखेरीला आहे ना? त्या दिवशी मी त्यांना कोराडीच्या बसमध्ये बसवून देते. मोजणीची तयारी सुरू आहे, त्यामुळे मला येता येणार नाही. तुझ्या यजमानांना स्टॉपवर पाठव. त्यांना नीट दिसत नाही, हात धरून आणायला सांग.

शामला


कोराडी कॉलनी
३० जानेवारी १९७९

शामले,

हळदीकुंकवाले पुरुष पाहुणा म्हणून आमचे हे मले आठवडाभर चिडवत होते. काल तोच पाहुणा आला. पांढरं धोतर, काळा कोट, आणि जिन्यावर प्रत्येक पायरीले थांबून विचारे, “अजून आहे का?” हॉलमध्ये बसायले जागा नाही एवढ्या बाया. सासूबाई विधवा म्हणून अशा कार्यक्रमाले कधी येत नाहीत. काल न सांगता आल्या आणि मागे भिंतीले टेकून बसल्या.

कौशल्यानं विचारलं, “गुरुजी, बायजाचं शेवटी काय झालं?” गुरुजीनं उलट विचारलं, “तुम्हाला काय वाटतं?” बस, झालं. पार्वतीबाई म्हणे ती पंचाईच्या दारात माग मांडते. शोभाताई म्हणे नवरा परत येते. कौशल्या म्हणे, आला तर तिनं दार उघडू नये. दोघी जणी अशा भांडल्या का तिळगूळ खाली सांडला. “बायजा तशी नाही!” “तुले काय मालूम बायजा कशी आहे, तू तर चौथा फर्मा वाचलाच नाही!” गुरुजी इकडे मान वळवत, तिकडे वळवत. चेहरे दिसत नसावेत त्याईले, आवाजच ऐकत होते. माह्याकडे वळून हळूच म्हणाले, “बाई, ह्या खरंच माझ्या बायजाबद्दल बोलताहेत?” मी हाव म्हटलं.

मग गुरुजीनं सुरू केलं. पंचांनी वाळीत टाकलं, संध्याकाळ झाली, बायजा उठली आणि विहिरीकडे निघाली. इथवर पुस्तकातलंच, शब्दाले शब्द. तिथं थे थांबले. मले वाटलं विसरले.

मग म्हणाले, “विहिरीवर जाते, घागर भरते, आणि घरी येते. सासूने मागाजवळ कंदील लावून ठेवला आहे. सकाळी गल्लीत पुन्हा धोट्याचा आवाज येतो. संपलं.”

बायांनी टाळ्या नाही वाजवल्या. कोणी नाक ओढलं, कोणी म्हणे, “मी म्हटलंच होतं.” छापलेलं काय आहे थे मात्र मले मालूम होतं.

आणि आणखी एकीले मालूम होतं. सासूबाई उठून बाहेर गेल्या. मले वाटलं गर्दीनं जीव घाबरला. आल्या तर हातात कागदाची घडी. सरळ गुरुजीपाशी गेल्या आणि त्यांच्या हातात ठेवली.

“मास्तर, हे मीनं लपवलं होतं. तुरीच्या डब्यात. घड्या सुटल्या त्याच दिवशी तळची उचलली. तुम्ही पोरीले विहिरीत लोटलं होतं, थे मले कोणाले वाचू द्यायचं नव्हतं. आता नीट सांगतलं तुम्ही. घ्या तुमचं.”

माह्याच घरात वं, शामले. मी सारी कॉलनी हुडकली आणि रोज त्याच डब्यातली डाळ शिजवत होती.

गुरुजीनं थे पानं उघडली, बोटांनी चाचपली, डाळीची पूड झटकली. म्हणाले, “तेव्हा वाटायचं, बाई मेल्याशिवाय कादंबरी मोठी होत नाही.” मग रडले. सगळ्यांसमोर, लहान लेकरासारखे. “माझं पुस्तक कोणी लपवून ठेवावं, इतकं कोणी ऐकलं?” एवढंच म्हणत होते. सासूबाईनं त्याईले पाणी दिलं. वाण म्हणून स्टीलची वाटी लुटली होती, थे त्याईलेही दिली. नाही म्हणेनात.

फर्मे सारे पेटीत आहेत, क्रमानं. शेवटचा सगळ्यात वर आहे.

गोपिका


महाल, नागपूर
२२ मार्च १९७९

गोपे,

तुझं पत्र मी कितीदा वाचलं ते विचारू नकोस. या वेळी तुझी सगळी पत्रं वामनरावांनाही वाचायला दिली, वरणासकट.

मोजणी परवा संपली. गुरुजी आले होते, नवी छत्री घेऊन. म्हणाले, शेवटचा फर्मा काढून टाका, मी नवा शेवट लिहून देतो, तो बांधा. वामनराव खुर्चीवरून उठलेच. “छापलेलं पान काढायचा हक्क लेखकालाही नाही.” दोघे बराच वेळ वाद घालत होते आणि मला मध्ये बोलायची सोय नव्हती. शेवटी असं ठरलं की छापलेला फर्मा राहील आणि त्याच्यापुढे गुरुजींच्या हातचा नवा शेवट बांधायचा. वामनराव जाता जाता म्हणाले, “त्या कपाटातलं काही एवढ्यात रद्दीत देऊ नका. आधी कोराडीला फिरवून आणा.” नंतर मी पाहिलं तर हळद लागलेला फर्मा घेऊन ते पंख्याखाली वाचत बसले होते.

तर पेटीत आता कळमेश्वरच्या एका मास्तरीणबाईंची कादंबरी येते आहे. चिठ्ठी घातलेली नाही. तू नळावर अर्धी सांग.

गुरुजींनी एक पाकीट दिलं आहे, तुझ्या सासूबाईंच्या नावाने. मी उघडलं नाही. त्यांना वाचून दाखव.

शामला


उमरेड
२० मार्च १९७९

श्रीमती प्रयागबाई यांस,
नमस्कार.

अक्षर मोठं आणि वाकडं आहे, दिसत नसल्यामुळे. गोपिकाबाई लावून घेतील.

सोबत बायजाचा नवा शेवट आहे. आपल्याकडे सांगितला तसाच, फक्त सासूचं थोडं वाढवलं आहे. त्या दिवशी आपण कागद हातात ठेवलात, तेव्हा मला ती बाई नीट दिसली. मी तिला वीस वर्षांपूर्वी लिहिलं होतं, पण तिचा हात कसा असतो ते मला माहीत नव्हतं.

आणखी एक. सोबत दुसऱ्या कादंबरीचं पहिलं प्रकरणही आहे. लिहायला घेतली आहे. सवय मोडल्याने हात लवकर दुखतो, पण लिहितो आहे. कोणाला दाखवावी असा विचार करताना आपल्याशिवाय दुसरं नाव सुचलं नाही.

सवडीने ऐका. घाई नाही. महिनाभर वाट पाहीन, मग शामलाताईंकडून विचारून घेईन की कागद कुठे आहेत. तुरीच्या डब्यात नसतील, तर पुढचं प्रकरण लिहायला बसतो.

आपला
चंद्रभान धकाते